आधी चार्जरची पिन बघा

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून देतो:

"मी कराडची. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय. घरूनच आर्किटेक्ट लोकांची ऑटोकॅडची ड्रॉइंग करून देते. बहुतेक नगरपालिकेत मंजुरीला जाणारे नकाशे, अधूनमधून स्टीलचं डिटेलिंग. माझ्याकडे डेल प्रिसिजन एम ४८०० आहे. मोठा भाऊ पुण्यात ज्या कंपनीत होता तिनं जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना विकले, त्यातला हा. आय७-४८००एमक्यू, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, क्वाड्रो के११००एम. चार वर्षं झक्क चालला. दिवाळीनंतर मात्र इतका रडतो की एक लेअर बंद करून चहा टाकून यावा. त्याच सुमारास विजेच्या झटक्यानं चार्जर गेला होता, तो गावातच दुसरा घेतला. बॅटरीही आता भरत नाही, पण ती जुनीच आहे. सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी येतात, एफ१ दाबलं की पुढे जातं. एक दुकानदार म्हणतो, विंडोज १० बंद झालं, हा भंगारात द्या आणि साठ हजारांचा नवा घ्या. दुसरा म्हणतो, रॅमचे स्लॉट भरलेत, जुनी काढून ३२ जीबी टाकू, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड वरचं बसवू, अठरा हजारांत नव्यासारखा करून देतो. भाऊ म्हणतो लिनक्स टाक. भाचा म्हणतो मला दे, मी त्यावर थ्रीडीचं ब्लेंडर शिकतो. कुणाचं ऐकू?"

ताई, निदान आठवडाभर कुणाचंच ऐकू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, आणि दोन्ही दुकानदारांनी ती विचारली नाही असं दिसतं. चार्जर बदलला, तेव्हापासून बॅटरी भरत नाही, तेव्हापासूनच मशीन रडतं आणि सुरू होताना एफ१ मागतं. ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे. रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचं बोलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुमच्या एम ४८०० ला १८० वॉटचा चार्जर लागतो. डेलच्या गोल पिनीच्या आत मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज येत नाही, ओळख येते: चार्जरमधली छोटी चिप लॅपटॉपला सांगते की मी अमुक इतक्या वॉटचा. ही ओळख पटली नाही, किंवा चार्जर ६५ वा ९० वॉटचा निघाला, तर मशीन स्वतःला जपायला लागतं. बॅटरी भरणं थांबवतं आणि प्रोसेसरला लगाम घालतं. २.७ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, जोर लावला की ३.७ पर्यंत जाणारा, तो ०.८ वर बसून राहतो. त्या काळ्या पडद्यावरच्या ओळी हेच सांगत असतात. आपण एफ१ दाबतो आणि पुढे जातो, सगळेच तसं करतात.

मीही केलंय. माझ्या एका जुन्या वर्कस्टेशनला प्रवासात 'चालून जाईल' असा चार्जर घेतला होता. पुढे महिनाभर मी विंडोज दोनदा नव्यानं टाकलं, अँटिव्हायरसला शिव्या दिल्या, हार्ड डिस्कवर संशय घेतला. एका मित्राचा चार्जर सहज लावला तेव्हा मशीन पहिल्यासारखं उठलं. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

तपासायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि ऑटोकॅडमध्ये एखादं जड ड्रॉइंग उघडताना 'स्पीड'चा आकडा बघा. तो ०.७८ किंवा ०.८ च्या आसपास खिळून राहिला असेल तर निदान झालं. मग मशीन बंद करून चालू करा, डेलचं चिन्ह दिसताच एफ२ दाबा. बायॉस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जचा पडदा, उघडेल. तिथे बॅटरीच्या माहितीजवळ चार्जरचा प्रकारही लिहिलेला असतो. तिथे १८० वॉट दिसायला हवं.

ते दिसलं नाही तर ओळखीच्या कुणाकडून डेलचा १८० वॉटचा चार्जर तासभर मागून आणा आणि लावून बघा. विकत घेण्याआधी मागून आणणं महत्त्वाचं, कारण दोष चार्जरमध्ये नसून लॅपटॉपच्या सॉकेटमध्येही असू शकतो. विजेच्या झटक्यात किंवा केबल तिरकी ओढली गेल्यानं तिथला संपर्क खराब होतो. मग अस्सल चार्जरसुद्धा ओळखला जात नाही. सॉकेट बदलणं हे मदरबोर्ड बदलण्यापेक्षा फार स्वस्त काम आहे, तेव्हा 'बोर्ड गेलाय' असं कुणी पहिल्याच वाक्यात म्हटलं तर उठून या. नवा चार्जर घेताना लेबलवर १९.५ व्होल्ट आणि ९.२३ अँपिअर लिहिलेलं बघा. हातात घेतल्यावर तो विटेसारखा जड लागला पाहिजे. हलका असेल तर लेबलवर काहीही छापलेलं असो, परत करा.

आता समजा मशीन पुन्हा चालायला लागलं. मग खरा प्रश्न उरतो: या २०१३ सालच्या बैलावर पैसे घालायचे का, आणि किती?

माझा हिशेब साधा आहे. जुन्या वर्कस्टेशनवर तोच खर्च करायचा जो उद्या स्क्रू काढून दुसऱ्या मशीनमध्ये नेता येईल. बाकीचा खर्च भाड्याच्या घरात संगमरवरी फरशी बसवण्यासारखा.

या चाळणीतून पहिली पार होते ती एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तुमची ५०० जीबीची हार्ड डिस्क फिरणाऱ्या तबकडीची आहे, ती सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, आणि विंडोज सुरू होताना लागतात तशा हजारो बारक्या फायली शोधायच्या म्हटलं की त्याहून कितीतरी कमी. अडीच इंची साटा एसएसडी याच जागी, याच कनेक्टरवर बसते आणि ५५० एमबीपर्यंत देते. बारक्या फायलींतला फरक तर तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. ५०० जीबीची पुरे. दुकानात कुणी 'एनव्हीएमई घ्या, ती जास्त वेगवान' म्हणेल. तुमच्या मशीनमध्ये तिला जागाच नाही. आत एमसाटाचा एक छोटा स्लॉट आहे आणि काही लोक तिथे एसएसडी बसवतात. मी नको म्हणेन, कारण एमसाटा आता कुठल्याच नव्या मशीनमध्ये नसते, ती याच्याबरोबरच म्हातारी होणार. अडीच इंची मात्र उद्या छोट्या यूएसबी डबीत घातली की खिशातला बॅकअप होते. एसएसडीचे भाव अलीकडे चढलेत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एक चक्कर मारा.

जुनी हार्ड डिस्क टाकू नका आणि कुणाला देऊही नका. तिच्यात लोकांच्या घरांचे नकाशे आहेत.

रॅमचं थोडं वेगळं आहे. डीडीआर३ पुढच्या मशीनमध्ये जाणार नाही, म्हणजे माझ्या नियमात ती बसत नाही. पण ८ जीबीमध्ये विंडोज, ऑटोकॅड, ब्राउझरचे दहा टॅब आणि एक पीडीएफ ही मंडळी एकाच खोलीत राहतात, तेव्हा १६ करून घ्या. ३२ ची गरज रेव्हिटमध्ये इमारतींची त्रिमितीय मॉडेलं करणाऱ्यांना. द्विमितीय नकाशांना नाही. आणि स्लॉट भरलेत हे खरं नसावं. चार कोअरच्या प्रोसेसरसह तुमच्या मशीनला रॅमचे चार स्लॉट मिळतात: दोन खालच्या झाकणाआड, दोन कीबोर्डखाली. दुकानदारानं बहुधा एकच बाजू उघडून बघितली. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलात तर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं दिसेल. चारपैकी दोन असं दिसलं तर आहे ती ८ जीबी तशीच राहू द्या आणि चार-चारच्या दोन पट्ट्या आणखी घाला. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या चालतात, नव्या घेऊ नका. फक्त पट्टीवर पीसी३ नंतर 'एल' आहे का ते बघा. ही १.३५ व्होल्टची रॅम. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरला तीच लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ नाही.

हे सगळं होतंय तेव्हाच उष्णतेचंही बघून घ्या. बॅटरी काढून दोन स्क्रू सोडवले की एम ४८०० चं खालचं झाकण सरकून निघतं. इतकं सोपं उघडणारं मशीन आता सहज मिळत नाही. पंख्याच्या पुढच्या तांब्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी बसलेली असते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो नको तितका गरगरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट दहा-बारा वर्षांत वाळून खडू झालेली असणार, ती बदलायला सांगा. हा प्रोसेसर ४७ वॉट गिळतो आणि कराडचा एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहे. तापला की तोही वेग कमी करतो, म्हणजे चार्जरचं दुखणं गेलं तरी उन्हाळ्यात तेच पुन्हा दिसेल आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल.

प्रोसेसर बदलायचा का? तुमचा सॉकेटमध्ये बसलेला आहे, म्हणजे बदलता येतो हे खरं. पण वरचा म्हणजे ४९००एमक्यू: २.८ ते ३.८ गिगाहर्ट्झ. तुमचा २.७ ते ३.७. एवढ्या फरकासाठी पैसे मागणाऱ्याची मला गंमत वाटते. ऑटोकॅडचं द्विमितीय काम मुख्यतः एकाच कोअरवर चालतं, तेव्हा जास्त कोअरचाही उपयोग नाही.

ग्राफिक्स कार्ड तर अजिबात नको. तेही सुटं आहे, एमएक्सएम जातीचं, आणि त्या काळात कंपन्या ते अभिमानानं सांगत. पण तुमचं के११००एम काय आणि त्याच्या वरचं के२१००एम काय, दोन्ही एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचे. त्या पिढीसाठी ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, ४७० ही मालिका शेवटची ठरली. पुढचे ड्रायव्हर तिला ओळखत नाहीत. म्हणजे दुकानदार तुम्हाला एका निवृत्त कार्डाच्या बदल्यात दुसरं निवृत्त कार्ड विकतोय. त्याहून नवं कार्ड बसवण्याचे उद्योग हौशी लोक करतात, त्यात बायॉस, हीटसिंक आणि ड्रायव्हर तिघांशी भांडावं लागतं. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्यानं त्या वाटेला जाऊ नये. नगरपालिकेच्या नकाशाच्या रेषा काढायला आहे ते कार्ड आजही पुरून उरतं.

बॅटरी मात्र घ्या, जमेल तेव्हा. चैन म्हणून नाही, यूपीएस म्हणून. तुमच्या भागात वीज जाते आणि मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपच. याला ९७ वॉट-अवरची नऊ सेलची बॅटरी येते (विमानात शंभरच्या आतलीच सहज नेता येते, म्हणून हा आकडा). पण आधी चार्जरचा निकाल लागू द्या. कदाचित तुमची आहे तीच बॅटरी भरायला लागेल! सुरू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडलं तर तिची तब्येत कळते.

आता विंडोज. दुकानदार नंबर एक अर्धा खरा आहे. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) लागतो, तुमची पिढी चौथी, टीपीएम १.२. अट चुकवून ११ बसवता येतं, तुमचा प्रोसेसर ते चालवूही शकतो. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हातानं, पुन्हा अट चुकवून, टाकावी लागते. धंद्याच्या मशीनवर हा खेळ मला आवडत नाही. त्यापेक्षा विंडोज १० मध्येच सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटखाली जा. घरगुती वापरकर्त्यांसाठी जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी तिथे करता येते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नाहीत. त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. तोवर निर्धास्त काम करा आणि दर महिन्याला थोडं बाजूला टाका.

एक आगाऊ प्रश्न विचारतो, रागावू नका: ऑटोकॅड विकतचं आहे ना? अपडेट बंद झालेलं विंडोज आणि त्यावर कुठूनतरी उतरवलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, ही जोडी फार वाईट. त्याच मशीनवर तुमचं बँक खातं उघडतं.

भावाचं लिनक्स मला मनापासून आवडतं, मी घरी तेच वापरतो. लिनक्स मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि एम ४८०० वर ते पाण्यासारखं चालतं. पण ऑटोकॅड लिनक्सवर येत नाही. ब्रिक्सकॅड येतं, तेही विकत, आणि हात बसायला महिना जाईल. मंजुरीच्या नकाशांना जे प्री-डीसीआर (नकाशा बांधकाम नियमांच्या तपासणीसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर) लागतं ते ऑटोकॅडच्या सोबतीनं चालतं आणि विंडोजच मागतं. डिजिटल सहीचं टोकन, जुन्या मराठी फाँटमधली कार्यालयीन पत्रं, ही सगळी त्याच घरची मंडळी. भावाला म्हणावं, तुझं बरोबर आहे पण माझं गिऱ्हाईक तुझं ऐकत नाही. हे मशीन पुढे दुसऱ्या नंबरवर जाईल तेव्हा लिनक्स नक्की टाका.

दुसऱ्या नंबरवर ते जाणार हे धरून चला. पण त्याची जागा साठ हजारांच्या नव्या लॅपटॉपनंच घ्यावी असं नाही. नव्याचा एका कोअरचा वेग तुमच्यापेक्षा दीडपट-दुप्पट असेल, वजनही निम्मं. त्यात काय नसेल तेही बघा. तुमच्या मशीनला आकड्यांचा वेगळा कीपॅड आहे आणि टचपॅडला तीन बटणं आहेत, मधलं बटण धरून ड्रॉइंग सरकवणाऱ्याला त्याची किंमत कळते. साठ हजारांच्या चकचकीत पातळ लॅपटॉपमध्ये मधलं बटण मी तरी पाहिलेलं नाही, आणि रॅम बऱ्याचदा बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, म्हणजे आज घेतली तेवढीच जन्मभर.

मी तुमच्या जागी असतो तर २०१८ चं वर्कस्टेशन शोधलं असतं: डेल प्रिसिजन ७५३०, लेनोवो थिंकपॅड पी५२ किंवा एचपी झेडबुक १५ जी५. ही आठव्या पिढीची, सहा कोअरच्या प्रोसेसरची, विंडोज ११ रीतसर घेणारी मशीनं. मोठ्या कंपन्यांची लीज संपली की ती दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सगळीकडे पसरतात. रॅम डीडीआर४, चार स्लॉटपर्यंत, आणि अडीच इंची कप्पा असलेलं निवडलंत तर आज घेतलेली एसएसडी त्यात जशीच्या तशी बसेल. कप्पा सगळ्यांत नसतो, बॅटरीच्या आकारावरही ठरतो, तेव्हा उघडून दाखवायला सांगा. यांचं क्वाड्रो कार्ड पास्कल पिढीचं असतं आणि तिच्याही ड्रायव्हरची शेवटची मालिका, ५८०, येऊन गेली आहे. म्हणून कार्डाच्या नावावर जास्त पैसे देऊ नका. प्रोसेसर, पडदा आणि बॅटरीवर द्या.

एका सापळ्याबद्दल सावध करतो. दुकानात प्रिसिजन ७५१०, ७५२०, थिंकपॅड पी५० असली मशीनं 'विंडोज ११ टाकून' मिळतील, दिसायला अगदी तशीच. ती सहाव्या-सातव्या पिढीची. एखादा अपवाद सोडला तर मायक्रोसॉफ्टच्या यादीत ती नाहीत, आणि वर्षभरात तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल. आय७ च्या पुढचा आकडा वाचा: ६८२० म्हणजे सहावी, ८८५० म्हणजे आठवी. पैसे देण्याआधी बायॉसला पासवर्ड नाही ना, ते उघडून बघा. कंपनीतून आलेल्या मशीनमध्ये तो राहून गेलेला असतो. डेल असेल तर खालचा सर्व्हिस टॅग डेलच्या संकेतस्थळावर घातला की मूळ मशीन कसं आणि कधी बाहेर पडलं ते कळतं. आणि चार्जर सोबतचा, मूळ वॉटचा, लावून, सुरू करून बघा. यापुढे ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

राहिला भाचा. नवं मशीन येईल तेव्हा हे त्याला द्या, ब्लेंडर ३.६ टाकून. मॉडेलिंग शिकायला छान आहे. रेंडर रात्रभर लागेल, लागू दे, त्या वयात रात्री असतातच. तोवर त्याला कामाला लावा: चार्जरचा वॉटचा आकडा त्यालाच बघायला सांगा, आणि तो कळवायचं कामही त्याच्याकडेच द्या.